तिसरं कार्ड

तिला ठिणगी हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. नववीत गणिताच्या सरांनी तिची वही खिडकीतून बाहेर भिरकावली, तर हिने सरांची पिशवी त्याच खिडकीतून पाठवली. वही आणायला गेली नाही आणि शाळेतही परत गेली नाही. आत्या आठ दिवस डोकं धरून बसली. बाबा मात्र म्हणाले, "बसू दे घरी. चार दिवसांत कंटाळेल आणि आपणहून काहीतरी धरेल." बाबा फरशी बसवणारे मिस्त्री. कुठली फरशी पोकळ बसलीय ते त्यांना नुसत्या टाचेने कळायचं, मग पोरीचं का नाही कळणार.

आणि तिने धरलंच. चव-खोलीतलं काम.

चव-खोली म्हणजे एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली. मधोमध पांढरी भिंत, भिंतीला सहा खिडक्या, प्रत्येक खिडकीला सरकती फळी. पलीकडे गिऱ्हाईक, अलीकडे पोरी. खाली खरेदीला आलेल्या माणसाला 'पाच मिनिटं चव सांगा, साबणाची वडी फुकट' म्हणून वर आणायचं, फळी सरकवायची आणि ट्रे पुढे करायचा. ट्रेमध्ये दोन कप. कपांवर नाव नाही, नुसते आकडे. दोन्हीच्या मध्ये पाण्याचा ग्लास, म्हणजे पहिली चव धुऊन दुसरी घ्यायची. प्रत्येक कपासमोर एकेक कार्ड, आणि बाजूला एक तिसरं. त्यावर छापलेलं: 'यातलं काहीच घेणार नाही.'

माणसाने एका कार्डावर बोट ठेवायचं, पोरीने फॉर्म भरायचा. संपलं काम.

सुपरवायझर बाईंच्या गळ्यात कायम सेकंद मोजायचं घड्याळ, म्हणून पोरी त्यांना घड्याळबाई म्हणायच्या. माणूस बोट ठेवायला किती वेळ लावतो तेही लिहायचं असायचं. पटकन ठेवलं तर पक्कं. उशीर लावला तर समजायचं, त्याला दोन्ही सारखंच. बाईंचा दुसरा नियम चेहऱ्याचा. "मान हलवायची नाही, हसायचं नाही. मला लोकांची निवड हवीय. तुमच्या भुवया माझ्या फॉर्मवर नकोत."

ठिणगीच्या भुवया म्हणजे घरातलं हवामान खातं होतं. पण महिन्याभरात तिने त्या अशा काही बांधून टाकल्या की बाईंनाही नवल वाटलं.

तिसरा नियम बाई सांगत नसत. तो दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या खिडकीवरची चष्मिष सांगायची.

"ए ठिणगे, किती झाले तुझे?"

"चौदा."

"माझे बत्तीस."

"थापा नको मारू."

"तिसरं कार्ड कुठे ठेवतेस तू?"

"कुठे म्हणजे? बाजूला. सांगितलंय तिथे."

"म्हणून चौदा," चष्मिष म्हणाली आणि आपल्या ट्रेचा कोपरा उचलून दाखवला. तिचं तिसरं कार्ड ट्रेखाली गुपचूप झोपलेलं होतं.

हिशेब सरळ होता. कंपनीला हवं असायचं हे की ते. 'काहीच नाही' आलं की फॉर्म अर्धा धरायचे, पैसेही अर्धे. मग कोण कशाला तिसरं कार्ड समोर ठेवेल? आणि लोकही विचारत नसत. समोर दोन ठेवली की माणूस दोनातच बघतो. फारच कुरकुर केली तर म्हणायचं, "तरी दोन्हीत त्यातल्या त्यात बरं कुठलं?" यावर 'कुठलंच नाही' म्हणून उठून जाणारा माणूस ठिणगीने तरी पाहिला नव्हता. बाईंना सगळं दिसायचं. पण बाई त्या वेळी घड्याळाला किल्ली देत बसायच्या. घड्याळ सेलवर चालायचं.

त्याच सुमाराला बाबा पडले.

कुणाच्या तरी न्हाणीघरात फरशी बसवत होते. उकिडवे बसलेले, ते तसेच कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. राहिला एकच आवाज, "आं." 'हो'लाही आं आणि 'नाही'लाही आं. मान हलवायचे, तीही कधी उभी, कधी आडवी. आत्या विचारायची, "दादा, पाणी हवंय?" आं. "नकोय?" आं. आत्या पदराने डोळे पुसायची आणि बाबा भिंतीवर डावी मूठ आपटायचे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना समजतं सगळं. बाहेर पडत नाही एवढंच."

दुसऱ्या दिवशी ठिणगी कामावरून कोरी कार्डं खिशात घालून आली. एकावर पंखा काढला, एकावर चादर. बाबांच्या डाव्या हाताशी धरली. बाबांचं बोट सरळ चादरीवर गेलं. तिने कार्डं उलटसुलट करून धरली. बोट पुन्हा चादरीवर. आत्याने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खोलीतल्या नर्सला बोलावून दाखवलं. उशी उंच की सपाट, खिडकी की दिवा, आत्या की ठिणगी. या शेवटच्यावर बाबांनी दोन्ही कार्डांवर पंजा ठेवला आणि अर्ध्या तोंडाने हसले. "फॉर्म रद्द," ठिणगी म्हणाली. पडल्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघींना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"नाकातली ही जेवणाची नळी अशी कायम नाही ठेवता येत," त्या म्हणाल्या. "एक तर ती बदलत राहायची. नाहीतर पोटातून नळी बसवायची, त्यातून सगळं द्यायचं, तोंडाने काही नाही. आणि तिसरं म्हणजे नळीच नको. तोंडाने जेवढं जाईल तेवढं. पण गिळलेलं छातीत उतरतं त्यांच्या. मग किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. हे त्यांचं त्यांनी ठरवायला हवं. नीट विचारा."

"मी विचारते," ठिणगी म्हणाली. "माझं रोजचंच काम आहे."

तिने एका कार्डावर नाक काढलं आणि नळी. दुसऱ्यावर पोट आणि नळी. पोट जरा मोठं झालं, आत्या म्हणाली हे तर माझं आहे, आणि पाणी भरायला गेली. तिसरं कार्ड तिने काढलंच नाही. विसरली असं नाही. पेन्सिल हातात होती, कोरं कार्डही होतं. पण त्या कार्डावर काय काढायचं तेच तिला सुचेना. आणि सुचलं नाही ते बरंच झालं, असंही वाटलं.

बाबांनी दोन्ही कार्डं पाहिली. मग कार्डांच्या उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, चादरीवर पाहिलं, खोक्यातली एखादी फरशी कमी निघाल्यावर बघायचे तसं. ठिणगीने चेहरा कोरा ठेवला होता. सवयीने मनात सेकंद मोजत होती. एकोणीस झाले तेव्हा बाबांनी पोटावर बोट ठेवलं.

"तिन्ही दाखवलीस ना?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मिस्त्री, पोटातून नळी चालेल?"

"आं," बाबा म्हणाले.

घरी आणल्यावर चार महिने गेले. डब्यातली पिठासारखी पूड पाण्यात कालवायची, जाड पिचकारीत भरायची आणि हळूहळू नळीत सोडायची. चार-चार तासांनी. आत्या सकाळ-दुपार सांभाळायची, ठिणगी संध्याकाळी. बाबांचं वजन वाढलं, गालांवर तेज आलं. येणारे जाणारे म्हणायचे, "वा, मिस्त्री तर तुकतुकीत दिसतायत." दोघी स्वयंपाकघराचं दार लावून जेवायच्या. पण दाराला वास कुठे कळतो. कांदा तव्यावर पडला की आतल्या खोलीत बाबा तोंड भिंतीकडे फिरवायचे. आत्याने मग कांदाच बंद केला. मग चहा बाहेर गॅलरीत उभं राहून प्यायला लागली.

कार्डंही हळूहळू मेली. रेडिओ की खिडकी, निळा शर्ट की पांढरा, बाबांचं बोट कुठेही जायचं. कार्डाच्या कडेवर, चादरीवर, हवेत. ठिणगी चिडायची. "नीट बघा ना, बाबा. दोनच तर आहेत." एकदा तिने कार्डं फेकून दिली, मग पलंगाखाली सरपटून परत गोळा केली. बाबा वरून बघत होते.

इकडे चव-खोलीत वेगळंच शिजत होतं. वर्षाच्या सुरुवातीला पोरींनी गिऱ्हाइकांना दोन पेयं चाखायला दिली होती, एक काकडीचं, एक गाजराचं. काकडी दणदणीत जिंकली होती. कंपनीने हजारो बाटल्या भरल्या, दुकानात रांगा लावल्या, आणि त्या रांगांवर धूळ बसली. कुणी हात लावेना.

एका सकाळी ठिणगीच्या खिडकीशी टाय लावलेला एक माणूस येऊन बसला. आकडे बदललेले, पण कपात तीच काकडी आणि तेच गाजर. त्याने एक घोट घेतला, पाणी प्यायला, दुसरा घोट घेतला, परत पाणी प्यायला. ग्लास रिकामा केला.

"दोन्ही वाईट आहेत," तो म्हणाला.

"दोन्हीत त्यातल्या त्यात बरं कुठलं?"

"मला कुठलंच नकोय."

"हो, पण त्यातल्या त्यात."

"त्यातल्या त्यात..." त्याने नाक मुरडलं. "ही काकडी असावी, ही."

ठिणगीने फॉर्म भरला. काकडी. सात सेकंद.

"मला दाखव काय लिहिलंस."

"दाखवत नाही आम्ही."

"मी कंपनीतून आलोय, पोरी. दाखव."

तिने फॉर्म फळीवरून सरकवला. त्याने वाचला आणि चष्मा वर केला. "मी दुकानात असतो तर हिला हातही लावला नसता. आणि तू लिहिलंस मला ही आवडली."

"आवडली नाही लिहिलं. निवडली लिहिलंय."

"दोनच समोर ठेवल्यावर माणूस काय करेल?"

"कुठलं तरी एक निवडेल," ठिणगी म्हणाली.

माणसाने हात लांब करून ट्रेचा कोपरा उचलला. खालून कार्ड निघालं. मग तो उठून एकेका खिडकीशी गेला आणि एकेक ट्रे उचलत गेला. सहाच्या सहा. घड्याळबाई म्हणाल्या, "या पोरींना किती वेळा सांगितलं मी." चष्मिष खाली मान घालून उभी. एरवी ठिणगीने तिथल्या तिथे बाईंच्या सेलवाल्या घड्याळाचा विषय काढला असता. सगळे तिच्याकडे बघत होते, आता पेटेल म्हणून. ती पेटली नाही. तिने एप्रन काढला, घडी केली, फळीवर ठेवला आणि जिना उतरली. मागून बाई ओरडल्या, "अगं, तुला एकटीला नाही बोललेय मी." तिला ते ऐकूही आलं नाही. तिला एकोणीस सेकंद दिसत होते.

घरी आत्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ठिणगी पलंगाच्या कडेला बसली. नाकवालं कार्ड ठेवलं, पोटवालं ठेवलं. तिसऱ्यावर तिने काहीच काढलं नाही, नुसती नळी काढली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

"बाबा, तेव्हा माझ्याकडून एक ठेवायचं राहून गेलं," ती म्हणाली. "हे घेतलं तर तोंडाने खायचं. पण छातीत जाईल. मग फार दिवस नाही. कळतंय ना तुम्हाला?"

मोजायला वेळच मिळाला नाही. बाबांनी तिसऱ्या कार्डावर बोट नव्हे, अख्खा पंजा ठेवला. आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने कार्डं उलटसुलट केली. पंजा तिथेच गेला.

"काय विचारतेस गं?" आत्या बाहेरून म्हणाली.

"काही नाही. रेडिओ की खिडकी."

तिने तिसरं कार्ड बाबांच्या हाताखालून हळूच ओढून घेतलं आणि खिशात घातलं. बाबांनी ते घेऊ दिलं.

आठ दिवस ते कार्ड खिशात होतं. ती सकाळी बाहेर पडायची, कामावर जातेय असं सांगून नुसती रस्त्यांवर फिरायची. मनाशी भांडायची. बाबांना काय कळतंय, अर्धं डोकं गेलंय त्यांचं. मग चादर बरोबर कशी निवडली? आणि खरं सांगायचं तर भांडण बाबांच्या डोक्याचं नव्हतंच. तुकतुकीत, मुके, भिंतीकडे तोंड केलेले, कसेही असोत, संध्याकाळी घरी गेल्यावर ते पलंगावर दिसायला हवे होते. तिला विचारलं असतं तर तिने एका सेकंदात बोट ठेवलं असतं. पण कार्डं तिच्यासमोर नव्हती ठेवलेली.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती पिचकारी लावत होती. बाबांनी डाव्या हाताने नळी धरली. ओढली नाही. नुसती दोन बोटांत चिमटून धरली आणि तिच्याकडे पाहिलं. पिचकारी पुढे सरकेना.

"सोडा, बाबा."

त्यांनी सोडली. ती म्हणाली म्हणून सोडली.

तिने पूड मोरीत ओतली आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्यासमोर कार्ड ठेवलं. आत्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने गॅस बंद केला.

"म्हणजे तू तेव्हा विचारलंच नाहीस."

"नाही."

"चार महिने मिळाले की त्याला. माझा भाऊ दिसला मला चार महिने."

"आपल्याला मिळाले, आत्या."

"तोंड आवर. सोळा वर्षांची कार्टी आणि मला शिकवते. तू आता त्याला..." आत्याला पुढचा शब्द उच्चारता येईना. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना विचारू दे. तुझ्यावर नाही ठेवायची मी विश्वास."

"नकोच ठेवू," ठिणगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः तीनदा विचारलं, तीन वेगळ्या दिवशी, ठिणगीला खोलीबाहेर काढून. तिसऱ्यांदा बाहेर आल्या तेव्हा रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नळी राहू दे, वापरायची नाही," म्हणाल्या. "पाठ सरळ, हनुवटी खाली, छोटा चमचा. एक चमचा गिळून झाला की थांबायचं. मागतील तेवढंच. आग्रह नाही."

पहिल्या दिवशी चहा, ठसका लागू नये म्हणून, घट्ट करायची पूड घालून केला. ठिणगीने आधी स्वतः चाखला. भिंतीला कागद चिकटवायची खळ परवडली. बाबांनी एक चमचा घेतला आणि असा काही चेहरा केला की आत्यालाही हसू आलं. "दादा, साधाच करते थांब," म्हणून तिने साधा चहा केला, आलं ठेचून, भरपूर साखर घालून. घरात चार महिन्यांनी पलंगापाशी चहा आला.

पहिल्या चमच्याला बाबांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की ठिणगीला वाटलं, काहीतरी झालं. मग गळ्यातला कंठमणी वर गेला आणि खाली आला. डोळ्यांतून पाणी आलं, ते खोकल्याचं नव्हतं. दुसऱ्या चमच्याला त्यांनी चमच्याकडे पाहिलं. तिसऱ्याला खिडकीकडे. चौथा तोंडाशी गेला तेव्हा त्यांनी ओठ मिटून घेतले.

"एवढंसंच? अजून एक घे, दादा," आत्या म्हणाली.

"आत्या," ठिणगी म्हणाली.

पुढे संत्र्याचा रस झाला, उकडलेल्या अंड्यातलं पिवळं झालं, चहात भिजवलेलं बिस्किट झालं. आत्याने तव्यावर परत कांदा टाकला, नुसता वासासाठी. बाबा दार उघडं ठेवायला लावायचे. रात्रीचा खोकला सुरू झाला, मग ताप यायला लागला. डॉक्टरीणबाई दर दोन दिवसांनी येऊन छाती ऐकायच्या आणि त्रास होऊ नये म्हणून औषध देऊन जायच्या. चार चमच्यांचे तीन झाले, तिनाचे दोन.

बाविसाव्या दिवशी सकाळी ठिणगी चहा घेऊन बसली. बाबांचे डोळे अर्धे उघडे होते, श्वास खरखरत होता. तिने पाठीला उशी लावली, हनुवटी खाली केली. चमचा ओठांना लावल्यावर त्यांनी तोंड उघडलं. तो चहा गिळायला त्यांना खूप वेळ लागला. ती थांबली. मग दुसरा चमचा भरला आणि ओठांपाशी नेला. ओठ उघडले नाहीत.

तिने तो चमचा तसाच धरून ठेवला. 'त्यातल्या त्यात अर्धा तरी' हे तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि चमचा परत कपात ठेवला.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "घेतला का गं?"

"एक चमचा."

"मग बाकीचा?"

"नको म्हणाले," ठिणगी म्हणाली आणि कप खाली ठेवून त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला.